एका रात्रीचं काम

जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याला चिकटून माझं आजोळ. कुठल्याही लेण्याकडे बोट दाखवलं की आजीचं उत्तर ठरलेलं असायचं, "पांडवांनी कोरलं. एका रात्रीत." मग अर्धवट का राहिलं? "कोंबडा आरवला ना!" मानमोडीच्या डोंगरातलं अर्ध्यावर सोडलेलं खोदकाम पाहून मला त्या कोंबड्याचा फार राग यायचा.

आजोबांना पांडवांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचं ज्ञान विहिरीतलं. घरामागे विहीर काढली तेव्हा मी आठेक वर्षांचा असेन. वर हातभर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या. तोवर पहार चालली. पुढे काळा पाषाण लागला आणि सुरुंगावाचून इलाज उरला नाही. पाषाण संपला तसा गेरूसारखा तांबडा पट्टा निघाला, वीतभर जाडीचा, आणि त्याच्याखाली पुन्हा मांजऱ्या. त्याच्या पोकळ्यांतल्या पांढऱ्या गारगोट्यांनी आम्ही पोरांनी खिसे फाडून घेतले. आजोबा मात्र तांबड्या मातीची चिमूट बोटांत चुरत बसले होते. म्हणाले, "लेका, ही जुनी जमीन. वरची कुणीतरी मागनं आणून ओतलीय."

ओतलीय! पुढे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकताना हा शब्द आठवून मी वर्गातच हसलो होतो. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा ओतला गेला तो शंकूसारख्या शिखरातून नव्हे, जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून. थरावर थर. दोन थरांमध्ये कधीकधी इतका काळ जायचा की वरचा खडक कुजून त्याची माती व्हायची, आणि पुढचा लाव्हा येऊन तीच भाजून काढायचा. हा दगड आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. आमची विहीर त्यातली दोन पानं उलटून थांबली, कारण पाणी लागलं.

बाकीची पानं पावसाने आणि नद्यांनी उघडली. कठीण थर कडा होऊन उभा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. जीवधन, हडसर, शिवनेरी सगळे याच घडणीचे. तटाचं अर्धं काम निसर्गानेच करून ठेवलेलं. जुन्नरभोवती दोनशेहून जास्त लेणी आहेत. ती कोरणाऱ्यांना थर वाचता येत असणार. विहिरीवरच्या वडारकाकांनी मला कोंबड्याचं कोडंही सोडवून दिलं होतं. "खडक फुटका लागला की काम सोडायचं. हट्ट केला तर डोक्यावर येतो." आजीची क्षमा मागून सांगतो, मला हेच पटतं.

नाणेघाटात आजोबाच पहिल्यांदा घेऊन गेले. कल्याण-सोपाऱ्याहून माल वर चढायचा तो याच खिंडीतून. माथ्यावरचा दगडी रांजण दाखवून ते म्हणाले, "जकातीची नाणी यात पडायची." मी आत डोकावलो, तर पावसाचं पाणी आणि एक बेडूक. गुहेत नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत काय काय दान दिलं त्याची यादी, आकड्यांसकट. समोरच्या भिंतीवर सातवाहनांच्या मूर्ती होत्या. वर नावं आहेत, सिमुक, सातकर्णी, नागनिका. खाली मूर्ती नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. आजोबांनी चपला बाहेर काढल्या होत्या. त्यांची भेगाळलेली पावलं आणि ती पावलं मी आळीपाळीने बघत राहिलो.

त्यांच्या पावलांना त्या भेगा पडल्या पडकईत. आमच्याकडे उन्हाळ्यात आज तुझ्या उतारावर, उद्या माझ्या, असं सगळं गाव जमून खणतं, दगडांची ताल रचतं, मागे माती भरतं. भाताचं खाचर असं तयार होतं. मजुरी नाही, फक्त जेवण. आमच्या खालच्या खाचराला तीन उन्हाळे लागले. पांडवांची एक रात्र सांगणारी आजी त्या तिन्ही उन्हाळ्यांत डोक्यावर पाटी घेऊन होती.

चौथ्या वर्षी मृगाच्या पहिल्याच पावसात रात्री ताल फुटली. कोंबडा आरवला तेव्हा मला जाग आली. अंथरुणं रिकामी होती. बाहेर येऊन पाहिलं तर खाली गुडघाभर चिखलात आजोबा, आजी आणि शेजारचे चौघे, वाहून गेलेले दगड एकेक करून पुन्हा वर लावत होते.