पिक्चर ट्यूब जाईल!

१९९२ सालची गोष्ट. धुळ्यात आमच्या घरी रंगीत टीव्ही येऊन वर्षही झालं नव्हतं, हप्ते फिटायचे होते. धाकट्या भावानं ईदीचे पैसे साठवून व्हिडिओ गेम आणला. निन्टेन्डोनं १९८३ साली जपानात काढलेल्या फॅमिकॉमची ती स्वस्त नक्कल. अब्बांनी त्याची वायर टीव्हीला लावूच दिली नाही. "पिक्चर ट्यूब जाईल!" एवढंच म्हणाले. जळगाव-धुळ्याकडच्या कितीतरी घरांत तेव्हा हे वाक्य ऐकू यायचं.

अब्बांनी ते कुठून उचललं कोण जाणे, पण भीती जुनी होती. घरच्या टीव्हीवर खेळायचं पहिलं यंत्र, रॅल्फ बेअर यांच्या कल्पनेतून आलेलं ओडिसी, अमेरिकेत १९७२ साली विक्रीला आलं. त्याच वर्षी अटारीचा पाँग आला. तो घरात शिरला १९७५ मध्ये. पाँगमध्ये चेंडू हलतो, पण मधली जाळी आणि वरचे गुणांचे आकडे असतात तिथेच असतात. घोळ इथेच आहे. पिक्चर ट्यूबच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत आदळला की तो उजळतो. आपल्याकडच्या टीव्हीत सेकंदाला ५० वेळा. जितका उजळतो तितका झिजतो. सगळीकडे सारखा झिजला तर डोळ्यांना कळत नाही. पण एकच पांढरी रेघ महिनोन् महिने एकाच जागी राहिली, तर तेवढा पट्टा मंद होतो आणि दुसऱ्या चित्रातही तिची सावली दिसते. आपण म्हणतो पडदा जळला. जळत काहीच नाही, फॉस्फर म्हातारा होतो. १९८० च्या पॅकमॅनची यंत्रं दुकानांतून इतकी चालली की वीज बंद केल्यावरही काहींच्या काचेवर तो चक्रव्यूह दिसायचा.

कंपन्यांना हे ठाऊक होतं. अटारीच्या १९७७ च्या घरगुती यंत्रावर खेळ नुसता सोडून दिला की रंग आपोआप बदलत राहत. १९७९ च्या त्यांच्या संगणकांत तर सुमारे नऊ मिनिटं कुणी कळ दाबली नाही की रंगांची फेरी सुरू व्हायची. १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी तीन मिनिटांनी पडदा काळा करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला, तो स्क्रीन सेव्हरचा पूर्वज. (सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांवर रंगीत नळ्या धावताना पाहून काम चालू आहे असं वाटायचं, ती नंतरची गंमत.)

मग अब्बा बरोबर होते का? अर्धे. घरात गेम बंद म्हणून भाऊ रुपया-रुपया घेऊन पार्लरमध्ये जाऊ लागला. तिथला टीव्ही सकाळपासून रात्रीपर्यंत दोन-तीन खेळांतच अडकलेला, आणि दाराशी ऊन म्हणून ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट पूर्ण वाढवलेले. त्याच्या पडद्यावर वरची गुणांची पट्टी खरोखर उमटली होती. मी ती पाहिली आणि घरी येऊन अब्बांची बाजू घेतली, हे भावाला अजून आठवतं. पण आमच्या टीव्हीवर चित्रहार, बातम्या, क्रिकेट, सगळंच चालायचं. त्यात तासभर मारिओ खेळून काही बिघडलं नसतं. कॉन्ट्रास्ट कमी ठेवायचा आणि खेळ 'पॉज'वर टाकून जेवायला बसायचं नाही, एवढं पुरेसं होतं. हे आम्हाला दुकानदारानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खरा धोका होता विजेच्या चढउताराचा. त्यासाठी अब्बांनी स्टॅबिलायझर आधीच घेतला होता.

हप्ते फिटले तेव्हा त्यांनी परवानगी दिली. तोवर भावाचं दहावीचं वर्ष आलं होतं. खोका माळ्यावर गेला.

पुढे एलसीडी आले आणि ही काळजी बरीचशी विसरली गेली. २०१३ पासून मोठे ओएलईडी टीव्ही बाजारात आले, तेव्हा ती परतली. यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, म्हणून स्वतःच झिजतो. गुणांची पट्टी, वाहिनीचं चिन्ह पुन्हा संशयित. हे टीव्ही चित्र अधूनमधून किंचित सरकवतात, आणि रिमोटनं बंद केल्यावर काही मिनिटं आतल्या आत डागडुजी करतात. त्यासाठी भिंतीवरचं बटण चालू राहावं लागतं.

भाऊ आता जळगावला असतो. त्याच्या मुलाचा असाच टीव्ही आहे. अब्बांनी लावलेल्या सवयीनं अम्मी रात्री भिंतीवरचं बटण बंद करते. ती झोपली की भाऊ उठून ते पुन्हा चालू करतो.