उसनी चाल, स्वतःचं गाणं: आशा पुथली

नांदेड-लातूरकडे जॅझवर बोलायचं म्हटलं की आधी थोडं हसूच येतं. आपल्याकडे गाणं आलं ते भजनी मंडळातून, हुजूर साहिबच्या शबद-कीर्तनातून, आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून आणि लग्नाच्या बँडमधून. पण आजच्या विषयाची किल्ली आपल्या भजनातच आहे. तुकोबांचा अभंग गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर सुरू झाला की जुनी मंडळी नाक मुरडतात. चाल उसनी आहे, खरं. पण पखवाजानं लय बदलली, बुवा एका शब्दावर मुक्काम ठोकून बसले, की ते सिनेमातलं गाणं उरतं का?

हाच प्रश्न घेऊन आपण आशा पुथली यांच्याकडे जाऊ. (आशाताई म्हटलं की आपल्याला भोसलेच आठवतात, म्हणून पुथलीबाई म्हणू.) जन्म मुंबईचा, १९४५चा. शिक्षण पं. लक्ष्मणप्रसाद जयपूरवाले यांच्याकडे, म्हणजे रीतसर ख्यालगायकी. जॅझ मुंबईत आधीपासून होतंच. ताजमहाल हॉटेलात १९३५ सालीच लिऑन ॲबी यांचा बँड वाजत होता, आणि पुढे चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक रात्री जॅझ अन् दिवसा सिनेमाचं संगीत वाजवत. त्या मुंबईत पुथलीबाई 'द सर्फर्स' या बँडबरोबर 'एंजल ऑफ द मॉर्निंग'सारखी परदेशी गाजलेली गाणी गायल्या. वेद मेहतांनी 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया'त त्यांच्याविषयी लिहिलं. त्या न्यूयॉर्कला गेल्या आणि बिली हॉलिडे, बॉब डिलन यांना पुढे आणणाऱ्या जॉन हॅमंड यांनी त्यांना हेरलं.

आता जरा थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे. १९७१ साली ऑर्नेट कोलमन 'सायन्स फिक्शन' हा अल्बम ध्वनिमुद्रित करत होते. नेहमीच्या जॅझमध्ये पियानो स्वरसमूह धरून ठेवतो आणि गायिका त्याच्या आधारानं चालते. कोलमननी तो आधारच काढून टाकला होता. अशा ठिकाणी भलेभले चाचपडतात. पण तानपुऱ्यावर वाढलेल्या गळ्याला त्यात भीती कसली? एक षड्ज मनात धरायचा आणि स्वर एकामागून एक उलगडत न्यायचा, हे तर ख्यालियाचं रोजचं काम. त्या अल्बममधली 'व्हॉट रीझन कुड आय गिव्ह' आणि 'ऑल माय लाइफ' ही दोन गाणी ऐका. आवाज एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जातो. आपण त्याला मींड म्हणतो.

मग १९७३चा त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम. निर्माते डेल न्यूमन. त्यात जे. जे. केल यांचं 'राइट डाउन हिअर' आहे आणि जॉर्ज हॅरिसनचं 'आय डिग लव्ह'. गंमत बघा. हॅरिसन १९६६ साली पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आला होता, आणि मुंबईची मुलगी लंडन-न्यूयॉर्कच्या दुनियेत जाऊन त्याचं गाणं गात होती. हॅरिसनचं मूळ गाणं जड पावलांचं, तेच तेच घोळवणारं. पुथलीबाईंनी ते कुजबुजीवर आणलं, श्वासाचाही स्वर केला. शब्द तेच, पण अर्थ हलला.

आमच्या मते त्यांनी रॉकचं गाणं बंदिशीसारखं हाताळलं. बंदिश सदारंगांची असली तरी मैफल गाणाऱ्याचीच असते, हे आपण मान्य करतो. मग इंग्रजी गाण्याला तोच न्याय लावताना 'नक्कल' हा शब्द आपल्या तोंडी चटकन का येतो? ख्याल शिकलेली मुलगी 'तिकडचं' गायला लागली की ती वाया गेली, असं म्हणायची सवय आपल्याला आहे. या सवयीपायी आपण आपलाच इतिहास अर्धा लिहितो. घराण्यांच्या वंशावळी पाठ असलेल्या माणसालाही कोलमनबरोबर गाणारी जयपूरवाल्यांची शिष्या ठाऊक नसते.

जॅझच्या कडव्या रसिकांनीही त्यांना सोडलं नाही, कारण पुढे त्या डिस्कोकडे वळल्या. १९७६च्या 'द डेव्हिल इज लूज'मधलं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कच्या डेव्हिड मँकुसो यांच्या 'लॉफ्ट'मध्ये नाचाला वाजू लागलं. १९९७ साली द नटोरियस बी.आय.जी. या रॅपरनं त्याचाच तुकडा उचलून आपल्या गाण्याखाली ठेवला. म्हणजे आता चाल पुथलीबाईंची आणि उसनवारी दुसऱ्याची.