गेन्शिन इम्पॅक्टमधील त्वचावर्णविषयक वाद

गेन्शिन इम्पॅक्ट या चिनी व्हिडिओ गेममधील पात्रांच्या त्वचावर्णावरून इ.स. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मोठा वाद झाला. गेममधील काही काल्पनिक देश दक्षिण आशिया, मध्यपूर्व, आफ्रिका, लॅटिन अमेरिका व पॉलिनेशिया येथील संस्कृतींवर बेतलेले आहेत. या संस्कृतींतील नावे, दैवते, वेशभूषा व संगीत घेतले, मात्र तेथील माणसांचा सावळा वा काळा वर्ण बव्हंशी वगळला, हा टीकाकारांचा मुख्य आक्षेप आहे.

पार्श्वभूमी

व्हिडिओ गेममधील सांस्कृतिक चित्रणावरील आक्षेप नवे नाहीत. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या स्ट्रीट फायटर २ (१९९१) मधील धालसिम हा भारतीय योगी गळ्यात कवट्यांची माळ घालतो आणि तोंडातून अग्नी सोडतो. हे पात्र साचेबद्ध चित्रणाचे उदाहरण म्हणून आजही दिले जाते. त्याच कंपनीच्या रेसिडेंट इव्हिल ५ (२००९) मध्ये गौरवर्णीय नायक आफ्रिकेतील बाधित कृष्णवर्णीयांवर गोळ्या झाडतो. त्याची झलक २००७ मध्ये दाखवण्यात आली, तेव्हापासूनच त्यावर टीका सुरू झाली होती. या दोन्ही उदाहरणांत वाद चित्रण कसे केले याविषयी होता. गेन्शिन इम्पॅक्टच्या बाबतीत तो प्रामुख्याने काय वगळले याविषयी आहे.

गेन्शिन इम्पॅक्ट शांघाय येथील मिहोयो या कंपनीने २८ सप्टेंबर २०२० रोजी प्रकाशित केला. चीनबाहेर तो होयोव्हर्स या नावाखाली चालवला जातो. कथा तेवात नावाच्या काल्पनिक जगात घडते. तेथे सात देश असून त्यांपैकी मोंडस्टाट जर्मनीवर, लियुए चीनवर, तर इनाझुमा जपानवर आधारित आहे. गेम विनामूल्य खेळता येतो. उत्पन्न ‘गाचा’ या सोडतसदृश पद्धतीतून मिळते. खेळाडू आभासी चलन खर्चून हवे ते पात्र मिळवण्याचा प्रयत्न करतात. त्यामुळे प्रत्येक पात्राचे रूप हा कंपनीसाठी व्यावसायिक निर्णयही असतो. सुरुवातीच्या काळात सावळ्या वर्णाची खेळण्यायोग्य पात्रे केया आणि शिन्यान अशी दोनच होती.

२०२१ मध्ये आणखी एक आक्षेप पुढे आला. हिलीचर्ल या राक्षससदृश शत्रुजमातीच्या हालचाली ठरवताना मूलनिवासी नृत्याचा संदर्भ घेतल्याचे निर्मात्यांच्याच एका चित्रफितीत दिसले होते.

सुमेरू (२०२२)

ऑगस्ट २०२२ मध्ये सुमेरू हा देश गेममध्ये समाविष्ट झाला. त्याचे नाव भारतीय पुराणांतील मेरू पर्वताचे आहे. तेथील ज्ञानव्यवस्थेला ‘आकाश’ म्हणतात आणि पूर्वीच्या देवतेचे ‘रुक्खदेवता’ हे नाव पाली भाषेतील असून त्याचा अर्थ वृक्षदेवता असा होतो. विद्यापीठाच्या सहा शाखांना ‘दर्शन’ म्हटले आहे. या शाखांची नावे मात्र जरथुष्ट्री धर्मातील अमेशा स्पेन्ता या दिव्य शक्तींच्या नावांवरून घेतली आहेत. अलहैथम हे नाव प्रकाशशास्त्रज्ञ इब्न अल-हैथम यांच्यावरून, कँडेस हे कुश राज्याच्या राण्यांच्या पदवीवरून, तर डेह्या हे उत्तर आफ्रिकेतील बर्बर राणीच्या नावावरून आले आहे.

जुलै २०२२ मध्ये पात्रांची पहिली झलक प्रसिद्ध होताच टीका सुरू झाली. अलहैथम, तिग्नारी, निलू व नाहिदा ही पात्रे गौरवर्णीय आहेत. सायनो, कँडेस व डेह्या हे अपवाद ठरले. कथेत वर्षावनातील विद्वान बहुधा गोरे, तर वाळवंटातील भाडोत्री योद्धे व लुटारू बहुधा सावळे दाखवले आहेत, याकडेही टीकाकारांनी लक्ष वेधले. मार्च २०२३ मध्ये डेह्या खेळाडूंना उपलब्ध झाली, तेव्हा तिची युद्धक्षमता तोलामोलाच्या इतर पात्रांपेक्षा कमी ठेवल्याची तक्रार झाली.

नाटलान (२०२४)

नाटलान या देशाची झलक जुलै २०२४ मध्ये आली आणि वाद अधिक तीव्र झाला. मावुइका हे नाव माओरी अग्निदेवता माहुइका हिच्यावरून, किनिच हे माया सूर्यदेवतेवरून, शिलोनेन हे अॅझ्टेक मक्यादेवीवरून घेतले आहे. यान्सान व ओरोरॉन या नावांचा संबंध पश्चिम आफ्रिकेतील योरुबा परंपरेशी आहे. ज्या दैवतांची उपासना आजही होते त्यांची नावे फिकट वर्णाच्या पात्रांना देणे श्रद्धावंतांचा अवमान करणारे आहे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. इंग्रजी आवृत्तीतील काही आवाज-कलाकारांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली आणि समाजमाध्यमांवर बहिष्काराची आवाहने झाली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी नाटलान प्रकाशित झाले, तेव्हा पात्रांचा वर्ण झलकीत होता तसाच होता.

प्रतिवाद

समर्थकांच्या मते तेवात हे काल्पनिक जग असून त्यातील देश कोणत्याही एका प्रत्यक्ष देशाची प्रतिकृती नाहीत. जपानी अॅनिमे शैलीत पात्रे पारंपरिकपणे गोरी रेखाटली जातात आणि पूर्व आशियाई ग्राहकांची सौंदर्याभिरुची लक्षात घेणे कंपनीला भाग आहे, असाही युक्तिवाद केला जातो. प्रेरणास्थाने अनेक प्रदेशांची असून त्या प्रदेशांतील सर्व लोक एकाच वर्णाचे नसतात, याकडेही ते निर्देश करतात. यावर टीकाकारांचे उत्तर असे, की नाव, पेहराव व वाद्यसंगीत यांत मूळ संस्कृतीशी साम्य राखण्यासाठी कसोशी केली जाते. मग कल्पनास्वातंत्र्याचा आधार केवळ त्वचावर्णापुरताच का घेतला जातो?

भारतीय संदर्भ

सुमेरूमुळे या वादाचा भारताशी थेट संबंध येतो. गोऱ्या रंगाचे आकर्षण हा भारतातही चर्चेचा विषय आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ केले. त्याच वर्षी पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने राजी : अॅन एन्शंट एपिक हा गेम प्रकाशित केला. प्राचीन भारतात घडणाऱ्या या कथेची नायिका, भावाच्या शोधात निघालेली राजी, सावळ्या वर्णाची आहे.