वेगळे झालात, पण घराचे कर्ज दोघांच्या नावावरच आहे?

जुन्नर-आंबेगावातील तरुण जोडपी नारायणगाव, मंचरला फ्लॅट घेतात तेव्हा कर्ज बसावे म्हणून दोघांची नावे लावतात. नाते तुटले की बैठक बसते, स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी होते, 'हप्ते त्याने भरायचे' असे ठरते. आम्ही स्पष्ट सांगतो, बँक हा कागद धरत नाही. कोर्टाच्या हुकूमनाम्यात तसे लिहिले तरी बँकेपुरती पूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवरही राहते. हप्ते चुकले की सिबिल दोघांचे बिघडते. 90 दिवस थकले की खाते एनपीए, मग सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस. पतसंस्थेचे कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुली.

घर ठेवणाऱ्याने आधी एकट्याच्या उत्पन्नावर कर्ज बसते का ते पाहावे आणि दुसऱ्याचे नाव कर्जातून लेखी कमी करून घ्यावे. मग बँकेच्या संमतीने नोंदणीकृत बक्षीसपत्र. राहत्या घराच्या अशा दस्ताला पती-पत्नीत मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे (इतर आकार वेगळे), पण ते पती-पत्नी असेपर्यंतच. म्हणून हे काम घटस्फोटाआधी उरकावे.

लग्न बौद्ध पद्धतीने झाले तरी, विशेष विवाह कायद्याखाली नसेल तर, घटस्फोट हिंदू विवाह कायदा 1955 नुसारच मिळतो. खटकते, पण आज तसेच आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना आणि अनुसूचित जातींना उत्पन्नाची अट नाही.