नारायण धारप आणि नागझिऱ्याची रात्र

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर काटोल लागतें. संत्र्यांच्या बागांनीं वेढलेल्या या गांवीं एखाद्या पुस्तकविक्रेत्यानें मराठी भयकथेच्या ज्येष्ठ लेखकाचा गौरव करावयाचें मनांत आणलें, तर नारायण धारप यांच्याखेरीज दुसरें नांव सहसा पुढें येणार नाहीं. धारप पुण्याचे, परंतु त्यांच्या एका कथेला नवें आयुष्य लाभलें तें विदर्भाच्याच अरण्यांत.

१९२५ सालीं जन्मलेले धारप २००८ सालीं निवर्तले. विज्ञानकथाहि त्यांनीं लिहिल्या. पण वाचकांनीं त्यांना ओळखलें तें भयकथांमुळें आणि दुष्ट शक्तींशीं झुंजणाऱ्या ‘समर्थ’ या पात्रामुळें. त्यांचें भय दूरच्या स्मशानांत बसून राहत नाहीं. तें चारचौघांसारख्या मराठी कुटुंबाच्या माजघरांत शिरतें. टीकाकारांनीं त्यांची फारशी दखल घेतली नाहीं. मासिक वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयांनीं मात्र हीं पुस्तकें पानें सुटेपर्यंत फिरविलीं, आणि लेखकाचा याहून मोठा सत्कार कोणता?

त्यांच्यावर उसनवारीचा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नव्हे. ‘लुचाई’चें नातें अमेरिकन कादंबरीकार स्टीफन किंग याच्या ‘सालेम्स लॉट’शीं आहे, आणि ती कादंबरीहि ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ची ऋणाईत आहे. देवलांनीं ऑथेल्लोचा झुंझारराव केला तेव्हां मराठी रसिकांनीं त्याचें कौतुकच केलें. रूपांतराची कसोटी एवढीच, कीं परकें बीज येथल्या मातींत रुजलें कीं नाहीं.

‘आजी’ ही धारपांची कथा याच जातीची. मुळांत किंगची ‘ग्रामा’: अंथरुणाला खिळलेली, जादूटोणा जाणणारी आजी, आणि तिच्यापाशीं एकटा राहिलेला मुलगा. १९९३ सालीं नागझिऱ्याच्या अभयारण्यांत एका मित्रानें धारपांची ही कथा राही अनिल बर्वे या मुलाला सांगितली. ती ऐकून तो मनस्वी घाबरला. तें भय त्यानें टाकून दिलें नाहीं. १९९७ सालीं पहिला खर्डा लिहिला, आणि २०१८ सालीं ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. साखळदंडांनीं जखडलेली आजी आणि तिच्यापाशीं राहिलेला मुलगा त्याच्या पहिल्याच प्रकरणांत भेटतात.

चित्रपटांतील ‘हस्तर’ या नांवाची वंशावळ तर याहूनहि जुनी दिसते. किंगच्या कथेंत ‘हास्टुर’ येतो. हें नांव प्रथम अँब्रोज बिअर्स याच्या १८९१ च्या एका कथेंत आढळतें, आणि तेथें तो मेंढपाळांचा कृपाळू देव आहे! कृपाळू देवाचा सोन्याचा लोभी राक्षस होईपर्यंत कित्येक लेखण्या झिजल्या. त्यांतली एक मराठी होती.

गंमत अशी, कीं चित्रपटाचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आलें, आणि कथानकाचा मात्र त्या ग्रंथाशीं संबंध नाहीं. २०२४ सालीं चित्रपट पुन्हां प्रदर्शित झाला, तेव्हांहि प्रेक्षकांच्या ओठीं तुंबाडच होतें. हें नांव घेऊन दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातीं पेंडशांचे खोत पडतात. ते वाचण्याजोगे आहेतच. पण नागझिऱ्याच्या त्या रात्रीं मुलाची झोप उडविणारी आजी शेजारच्या फळीवर, धारपांच्या पुस्तकांत बसलेली असते.