इंदूरचे भा. रा. आणि फुरसुंगीचा फेणे

इंदूरशी नाते असलेल्या मराठी माणसांची यादी करायला बसलो की मुत्सद्दी, गवई, चित्रकार अशी नावे भराभर आठवतात. मुलांसाठी आयुष्यभर लिहिणारा एक लेखकही याच गावात जन्मला, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. ते भास्कर रामचंद्र भागवत, म्हणजेच भा. रा. भागवत. जन्म ३१ मे १९१०.

त्या काळी मुलांच्या पुस्तकांत उपदेश फार असे. भा. रां.नी मुलांना साहस दिले. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’ वाचणाऱ्या मुलाला हा लेखक फ्रेंच आहे याची आठवणही राहू नये, इतकी ती भाषा घरची होती. ‘बालमित्र’ हे मुलांचे मासिक त्यांनी चालवले. पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहिणाऱ्या, घरच बालसाहित्याचे.

पुढे आला बनेश उर्फ फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो, संकट दिसले की त्यात उडी घेतो आणि जिभेने ‘टॉक्क’ करतो. त्याच्याजवळ जादू नाही, पैसा नाही. आहे ते प्रसंगावधान. म्हणून तो प्रत्येक मुलाला आपल्यातला वाटला. पुढे दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने फेणे रंगवला, २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघने. त्या चित्रपटात खुद्द भा. रां.ची भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. प्रभावळकरांना ‘बोक्या सातबंडे’साठी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेला आहे. हा पुरस्कार सुरू झाला २०१० साली, आणि भा. रा. गेले २७ ऑक्टोबर २००१ रोजी. पुरस्कार उशिरा आला. वाचक त्याआधीच पिढ्यान्‌पिढ्या येऊन गेले होते.

आज आमच्यासमोर प्रश्न आहे तो या वाचकांचाच. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी वाचतात. मराठी पुस्तक हाती दिले की ‘कठीण आहे’ म्हणून ठेवून देतात. खरे पाहता देवनागरी त्यांना हिंदीमुळे येतेच. अडते ते शब्दांपाशी आणि वाक्प्रचारांपाशी, आणि ते शब्द कानावर पडल्याशिवाय रुळत नाहीत. भा. रां.ची वाक्ये छोटी, संवाद खटकेबाज. मोठ्याने वाचायला अगदी सोयीची.

म्हणून आमची एक सूचना आहे. उत्सवाच्या दिवसांत रोज आरतीनंतर पंधरा मिनिटे फेणेची गोष्ट मोठ्याने वाचावी, आणि ऐन रंगात आली की थांबावे. पुढे काय झाले हे कळण्यासाठी दोन मुलांनी जरी पुस्तक मागून घरी नेले, तरी इंदूरने आपल्या या लेखकाचे ऋण थोडे फेडले असे होईल.

गणपती बाप्पा मोरया!