ग्रेंजमाउथ: मुक्त बंदर मिळाले, रिफायनरी गेली



एडिनबराहून एम-9 ने स्टर्लिंगकडे निघालात की फॉल्कर्कपाशी पोलादाची दोन प्रचंड घोड्यांची डोकी दिसतात. त्यांचे नाव केल्पीज. भारतातून आलेल्या पाहुण्यांना आपण तिथे हमखास नेतो. तिथून पूर्वेला खाडीकडे पाहिले तर धुराडी आणि टाक्या दिसतात. ते ग्रेंजमाउथ. चेंबूर-माहुलकडे वाढलेल्या माणसाला हे दृश्य पाहून घर आठवते. आजची गोष्ट या ग्रेंजमाउथची आहे, आणि पुढे माहुलही तिच्यात येणार आहे.

ग्रेंजमाउथची रिफायनरी 1924 साली सुरू झाली. ती उभारली अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीने, म्हणजे पुढच्या बीपीने. जवळच्या वेस्ट लोदियनमध्ये दगडातून तेल काढण्याचा धंदा आधीपासून होता, त्यामुळे कसबी कामगार मिळाले आणि बंदर तर दारातच होते. 2005 मध्ये बीपीकडून हा कारखाना इनिऑसने घेतला. 2011 पासून पेट्रोचायना भागीदार झाली आणि कंपनीचे नाव पेट्रोइनिऑस पडले.

फेब्रुवारी 2022 मध्ये स्कॉटलंडमध्ये दोन 'ग्रीन फ्रीपोर्ट' देण्याची घोषणा झाली आणि पाच अर्ज आले. फोर्थ खाडीच्या अर्जामागे बंदर कंपनी फोर्थ पोर्ट्स, बॅबकॉक, एडिनबरा विमानतळ, तिथल्या नगरपालिका होत्या, आणि इनिऑसही होती. जानेवारी 2023 मध्ये तो अर्ज मंजूर झाला. ग्रेंजमाउथ आता सीमाशुल्काच्या खास क्षेत्राचा भाग होणार होते.

हे क्षेत्र म्हणजे काय, ते मुंबईकरांना पटकन कळेल. मुंबईत 2017 पर्यंत जकात होती. मुलुंडच्या नाक्यावर ट्रकची रांग लागायची. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, भिवंडीत, गोदामे बांधली. माल तिथे ठेवायचा आणि शहरात विकायची वेळ आली की मगच जकात भरायची. फ्रीपोर्ट म्हणजे सरकारने स्वतःच कुंपण घालून दिलेली भिवंडी. माल देशात आलेला असतो, पण कराच्या हिशेबात तो अजून बाहेरच असतो. शिवाय त्या हद्दीतल्या ठरावीक जमिनींवर नवा उद्योग काढणाऱ्याला जमीनखरेदीचा कर, मालमत्तेवरचा कर आणि कामगारांच्या नॅशनल इन्शुरन्समधला मालकाचा वाटा यांत सूट मिळते.

ब्रिटनला ही कल्पना नवी नव्हती. 1984 मध्ये लिव्हरपूल, साउथॅम्प्टन, कार्डिफ, बर्मिंगहॅम, प्रेस्टविक आणि बेलफास्ट अशी सहा ठिकाणे निवडली गेली होती. त्यातून फारसे काही उगवले नाही, आणि 2012 मध्ये कायद्याची मुदत संपू दिली गेली. 2016 मध्ये ऋषी सुनक या नव्या खासदाराने एक अहवाल लिहून ती पुन्हा वर काढली. 86,000 नोकऱ्या निर्माण होऊ शकतील, असे त्या अहवालात म्हटले होते. अर्थमंत्री झाल्यावर, मार्च 2021 च्या अंदाजपत्रकात, त्यांनी इंग्लंडसाठी आठ फ्रीपोर्ट जाहीर केले. स्कॉटलंडचे दोन त्यानंतरचे.

आता माझ्यासारख्या, हिशेबाची वही आधी उघडणाऱ्या माणसाला प्रश्न पडतो: यात रिफायनरीला काय मिळाले? कच्च्या तेलावर ब्रिटनमध्ये आयात शुल्क नाहीच. मग सूट कशावर? पेट्रोल-डिझेलवर लिटरला जवळपास 53 पेन्स इंधन कर आहे खरा, पण तो माल बॉन्डेड टाक्यांतून बाहेर पडतानाच द्यावा लागतो. म्हणजे रिफायनरी मुळातच कराच्या कुंपणाआड असते. राहिल्या त्या नव्या गुंतवणुकीवरच्या सवलती. त्यासाठी जमीन कमी वापरातली असावी अशी अट होती. शंभर वर्षे चालू असलेल्या कारखान्याला रिकाम्या प्लॉटचा काय उपयोग?

रिफायनरीला काय हवे असते, ते आपल्या माहुलच्या इतिहासात लिहिलेले आहे. 1951 मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांनी मुंबईत रिफायनरी काढण्यासाठी भारत सरकारशी करार केले. त्यांनी कुंपणातली जागा मागितली नाही. बाहेरून येणाऱ्या तयार पेट्रोलवरचे शुल्क दहा वर्षे टिकवा, आणि 25 वर्षे कारखाना ताब्यात घेऊ नका, हे मागितले. सरकारने दोन्ही मान्य केले. 1954 मध्ये ट्रॉम्बे आणि 1955 मध्ये माहुल सुरू झाले. बर्मा-शेल 1976 मध्ये सरकारकडे गेली आणि तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. तेल कंपन्यांना तेव्हा अचूक ठाऊक होते की भोक नको, भिंत हवी.

ब्रिटिश सरकारलाही हे ठाऊक होते. 2019 च्या 'यलोहॅमर' कागदपत्रांत, कराराशिवाय ब्रेक्झिट झाले तर काय होईल, याचा अंदाज होता. आयात पेट्रोलवरचे शुल्क शून्य केल्यास दोन रिफायनऱ्या बंद होतील आणि सुमारे 2,000 नोकऱ्या जातील, असे त्यात लिहिले होते. कागदपत्रे सप्टेंबरमध्ये जाहीर झाली तेव्हा नेमका हाच परिच्छेद काळ्या पट्टीखाली झाकला होता. वर्तमानपत्राने तो आधीच छापला होता, हा भाग वेगळा.

खास क्षेत्राचा रिफायनरीला फायदा होतच नाही असे नाही. जामनगरला रिलायन्सची दुसरी रिफायनरी 2008 च्या अखेरीस सेझमध्ये सुरू झाली. क्षमता रोज 5 लाख 80 हजार बॅरल, माल निर्यातीसाठी. पण ती कोऱ्या जमिनीवर, त्या सवलतींचा हिशेब धरूनच उभारली होती. ग्रेंजमाउथची क्षमता रोज दीड लाख बॅरल. आशिया आणि आखातातल्या अशा नव्या, अजस्र कारखान्यांशीच तिला झुंजायचे होते.

फ्रीपोर्ट मंजूर झाला जानेवारी 2023 मध्ये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये पेट्रोइनिऑसने रिफायनरी बंद करण्याची तयारी सुरू केली. सप्टेंबर 2024 मध्ये निर्णय पक्का झाला. तोटा रोज सुमारे पाच लाख डॉलर, असे कंपनीने सांगितले. चारशेहून अधिक नोकऱ्या गेल्या. खाडीकाठच्या करसवलतीच्या जागा त्याच उन्हाळ्यात अधिकृतपणे सुरू झाल्या होत्या. 29 एप्रिल 2025 ला कच्चे तेल शुद्ध करण्याचे काम थांबले. पेट्रोल-डिझेल बनवणारा स्कॉटलंडमधला तो शेवटचा कारखाना होता.

ग्रेंजमाउथ आता आयातीचे ठाणे आहे. तयार इंधन जहाजाने येते, टाक्यांत उतरते, आणि टँकर दाराबाहेर पडताना कर भरला जातो. फ्रीपोर्टच्या सवलती 2034 पर्यंत आहेत. पुढच्या वेळी केल्पीजपाशी गेलात तर धुराड्यांकडेही एकदा पाहा.